मांजराला काजू-बदाम द्यावेत का?

प्रश्न : आमच्या घरी दोन वर्षांची मांजर आहे. संध्याकाळी चिवड्याची ताटली समोर आली की ती मांडीवर चढते आणि त्यातले काजू, शेंगदाणे मागून खाते. रोज एक भिजवलेला बदाम दिल्यास तिचे केस चमकदार होतील, असे सासूबाई म्हणतात. हे तिला सोसेल का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : साधा, बिनमिठाचा एखादा काजू किंवा शेंगदाणा तिने खाल्ला असेल, तर घाबरू नका, ते मांजरासाठी विष नाही. मला खरी काळजी वाटते ती चिवड्याची. आपल्याकडे चिवड्यात तळलेला कांदा आणि लसूण हमखास असतो, आणि हे दोन्ही पदार्थ, अगदी त्यांची पूडसुद्धा, मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. त्याची लक्षणे काही दिवसांनी दिसत असल्यामुळे चिवड्याशी संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ताटलीतला काजू वेचून देणेही आजपासून थांबवा, कारण तेल, मीठ आणि लसूण त्याला लागलेलेच असतात.

सासूबाईंची माया समजते, पण बदामाचा उपाय माणसांचा आहे. मांजर मुळात मांसाहारी प्राणी. तिला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य सुक्यामेव्यात नसते, आणि त्वचेसाठी आवश्यक असलेले अरॅकिडोनिक आम्ल वनस्पतीच्या तेलापासून पुरेसे तयार करणे तिच्या शरीराला जमत नाही. उकडलेल्या, बिनमसाल्याच्या, हाडे काढलेल्या चिकनचा लहानसा तुकडा तिला अधिक मानवेल. तिचे जबडे उघडून पाहिलेत तर कळेल की दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या आहेत, दळण्यासाठी नाहीत. त्यामुळे अख्खा बदाम ती जवळजवळ तसाच गिळते आणि तो घशात अडकू शकतो. शिवाय सुक्यामेव्यात स्निग्धांश भरपूर, त्यामुळे उलट्या-जुलाब होतात आणि क्वचित स्वादुपिंडाला सूजही येते. कडू बदाम तर घरात तिच्या आवाक्यात ठेवूच नका, कारण त्यातून सायनाइड तयार होते. बुरशी लागलेले शेंगदाणेही तसेच दूर ठेवा.

आजवर तिने चिवडा खाल्लाच आहे, तेव्हा पुढचे आठवडाभर हिरड्यांवर लक्ष ठेवा. त्या फिकट दिसल्या, लघवी गडद झाली किंवा ती सुस्त पडून राहिली, तर थांबू नका. तिला सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या पशुवैद्यांकडे न्या आणि चिवड्यात काय काय होते, ते त्यांना सांगा.