काका म्हणतात लूट, ताई म्हणते प्रगती, मग मी या फील्डमधे जाऊ का?

पत्र लांबलचक आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ही मुलगी इकॉनॉमिक्स घेऊन डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे इंटरनॅशनल ट्रेडमधे काहीतरी करायचं डोक्यात आहे, कॉलेजचा एक प्रोजेक्टही याच विषयावर लिहायचाय. काका कामगार युनियनमधे, त्यांच्या मते ग्लोबलायझेशन म्हणजे मोठ्या कंपन्यांनी राजरोस चालवलेली लूट. ताई शिपिंगमधे नोकरीला, ती म्हणते याच्यामुळेच तर कोट्यवधी लोकं गरिबीतून वर आली. हिला दोघांचंही पटतं, आणि त्यात रोज बातम्या की टॅरिफ लागले, ग्लोबलायझेशन संपलं. तर ती विचारते, बरोबर कोण, या फील्डमधे गेले तर मी चुकीच्या बाजूला जाईन का, आणि मी शिकून बाहेर पडेपर्यंत हे फील्ड राहील तरी का? जाता जाता, फ्रेंच शिकू का?

हे बघ, काका आणि ताई एकाच गोष्टीवर भांडतायत असं मला तरी वाटत नाही. आपण एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी कोंबतो, मालाची ये-जा, पैशाची ये-जा, माणसांची ये-जा आणि पेटंटसारखे सगळ्या देशांना लावलेले सारखे नियम, आणि यातल्या एकीच्या बाजूने असलेला माणूस दुसरीच्या विरोधात असू शकतो, त्यात काही विसंगत नाही. जगदीश भगवती घे, मुक्त व्यापाराची इतकी ठाम बाजू मांडणारा अर्थतज्ज्ञ शोधून सापडणार नाही, पण १९९७ ला थायलंडच्या चलनापासून आशियातलं आर्थिक संकट सुरू झालं त्यानंतर १९९८ मधे याच माणसाने लिहिलं की मालाच्या व्यापाराचे फायदे दाखवून पैशाच्या मोकाट ये-जाची वकिली करू नका, ती गोष्ट वेगळी आहे. मलेशियाने त्याच वर्षी पैसा बाहेर जाण्यावर बंधनं घातली तेव्हा भरपूर टीका झाली, आणि २०१२ ला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेच मान्य केलं की काही परिस्थितीत अशी बंधनं चालतील. म्हणजे "तू कुठल्या पार्टीत" असा प्रश्न कोणी विचारला तर आधी त्यालाच विचार, कशाबद्दल म्हणतोयस बाबा?

आता ताईचा आकडा. तो खरा आहे. १९९० ला जगातली एक तृतीयांशहून जास्त लोकं अत्यंत गरिबीत होती, आता ते प्रमाण साधारण दहात एक आहे, आणि व्यापार वाढला तोही याच काळात. पण या घटीचा फार मोठा वाटा एकट्या चीनचा, आणि मजा इथेच आहे कारण चीनचं उदाहरण दोन्ही बाजू आपलंच म्हणून वापरतात. ताईसारखे म्हणतात, बघा, दारं उघडली, निर्यात केली, लोकं वर आली. समोरून डॅनी रॉड्रिकसारखे अर्थतज्ज्ञ म्हणतात, हो उघडली, पण कशी उघडली ते पण बघा ना, सरकारी कंपन्या ठेवल्या, पैशाच्या ये-जावर नियंत्रण ठेवलं, जागतिक व्यापार संघटनेत शिरले ते डिसेंबर २००१ ला, तोपर्यंत वीसेक वर्षं आपल्या चालीने सुधारणा करून झाल्या होत्या. आकडा तोच आणि धडे दोन! मला स्वतःला रॉड्रिकची बाजू जास्त पटते, पण निर्यातीची बाजारपेठच नसती तर ती चाल खेळता आली असती का, याचं उत्तर त्या बाजूकडून जरा पुटपुटतच येतं.

काकांचं म्हणणं पण हवेतलं नाही. आणि त्यांना हे सांग, की व्यापाराने काही लोकांचं नुकसान होतं ही गोष्ट युनियनवाल्यांनी शोधलेली नाही, ती पुस्तकी सिद्धांतातच लिहिलेली आहे. रिकार्डो या इंग्लिश अर्थतज्ज्ञाने १८१७ ला इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाईन घेऊन दाखवलं की देवाणघेवाणीने दोन्ही देशांचा फायदा होतो, पण १९४१ ला स्टोल्पर आणि सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी मांडलं की देशाचा एकूण फायदा झाला तरी आत कोणाचं तरी उत्पन्न खरोखर खाली जातं, आणि श्रीमंत देशात तो बहुतेक कामगारच असतो. यावर पाठ केलेलं उत्तर असं की जिंकणारे हरणाऱ्यांना भरपाई देऊ शकतात. देऊ शकतात, बरं का. दिली का हे कोणी विचारत नाही. अमेरिकेत आयातीमुळे नोकरी गेलेल्यांसाठी १९६२ पासून मदतीची योजना होती, २०२२ च्या मध्यापासून तिच्यात नवे अर्ज मंजूर करणंच बंद झालं. आणि ऑटर, डॉर्न, हॅन्सन या तिघा अर्थतज्ज्ञांनी तिथल्या एकेका भागाचा डेटा काढून दाखवलं की चिनी मालाशी थेट स्पर्धा असलेल्या गावांमधे कारखान्यातल्या नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच, लोकं पुस्तकात लिहिल्यासारखी दुसरीकडे कामाला गेली नाहीत, दहा वर्षांनंतरही तिथली मजुरी आणि रोजगार सावरला नव्हता. ताई सगळ्या जगाची सरासरी काढते आणि काकांच्या डोळ्यासमोर बंद झालेला एक कारखाना असतो, दोघांचं गणित बरोबर आहे पण मोजलेली माणसं वेगळी आहेत. तुझा प्रोजेक्ट जर "फायदे आणि तोटे" अशा दोन कॉलममधे लिहिणार असशील तर प्लीज नको, कोणाचा फायदा, किती वर्षांत, आणि भरपाई कोणाच्या खिशातून, हे तीन प्रश्न घेऊन लिही.

चुकीच्या बाजूला जाण्याचं तू लिहिलंस त्याचं मला खरं तर बरं वाटलं, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. एप्रिल २०१३ मधे ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली, आत परदेशी ब्रँडचे कपडे शिवणारे ११०० हून जास्त कामगारांचा जीव गेला. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी लोकांना कामावर बोलावलं. हे व्यापाराचं पाप की ढिसाळ तपासणीचं, यावर वाद घालता येईल, पण नंतर काय झालं ते तुझ्या कामाचं आहे. ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात एक करार झाला, कायद्याने बंधनकारक, आणि त्याखाली हजाराहून जास्त कारखाने तपासले गेले. आता ही तपासणी केली कोणी? स्ट्रक्चरल इंजिनिअर, कराराची भाषा घासून घेणारे वकील, कुठल्या ब्रँडचा माल कुठल्या कारखान्यात शिवला जातो हे कागदावरून शोधणारे लोक. म्हणजे काकांना जे हवंय ते करण्याच्या नोकऱ्या या फील्डच्या आतच आहेत, बाहेर उभं राहून घोषणा देणाऱ्यांचं काम वेगळं आणि तेही लागतं, नाहीतर तो करार झालाच नसता. सगळ्याच नोकऱ्या अशा नाहीत हे उघड आहे. काही ठिकाणी ऑडिट म्हणजे फॉर्मवर टिक करणं एवढंच असतं, इंटरव्ह्यूला गेलीस की विचार, रिपोर्ट कोणाला जातो आणि वाईट निघाला तर पुढे काय होतं.

फील्ड संपेल का, तर नाही, आणि टॅरिफ वाढले तर उलट कागद वाढतात. जगभरात मालाचा प्रकार सांगणारा सहा आकडी एचएस कोड लागतो, पाच हजारावर प्रकार आहेत, कोड बदलला की ड्युटी म्हणजे आयातीवरचा कर बदलतो, आणि वस्तू तीन देशांत फिरून बनली असेल तर ती मूळ कुठल्या देशाची धरायची याचे नियम इतके किचकट की त्यावरच लोकांची करिअर चालतात. व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, म्हणजे देशांची भांडणं मिटवायला दुसऱ्या वाटा शोधाव्या लागतायत. युरोपने स्टील, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम अशा आयातीवर, ते बनवताना किती कार्बन हवेत गेला याचा हिशोब २०२३ पासून आणि त्याचे पैसे २०२६ पासून लावायला सुरुवात केली आहे, तो हिशोब करणारी माणसं अजून पुरेशी तयार झालेली नाहीत. एक मात्र आहे, माल नुसता इकडून तिकडे पाठवायचं जे रुटीन कागदी काम आहे ते सॉफ्टवेअर खाणार, ताईला विचार, तिला दिसत असेलच.

आता करायचं काय. गणित सोडू नकोस, हे पहिलं, तुझ्या पत्रात "मॅथ्स ऑप्शनला टाकावं का" अशी एक ओळ कंसात लपवली आहेस ती मी वाचली बरं का. स्टॅटिस्टिक्स आणि इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकड्यांवरून अर्थशास्त्रातले दावे तपासणं, जमलं तर वर सांगितलेले वाद तू स्वतः तपासू शकशील, नाहीतर आयुष्यभर दुसऱ्याच्या आकड्यांवर मान हलवत बसशील. डेटा हाताळायला आर किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, दोन्हीतली एक, शिक. डिग्रीनंतर लगेच इंटरनॅशनल बिझनेसच्या महागड्या कोर्सला जाऊ नकोस असं माझं स्पष्ट मत आहे, आधी एकदोन वर्षं कस्टम्स किंवा कंप्लायन्सच्या, म्हणजे नियम पाळले जातायत का ते बघण्याच्या, कामात घाल, ग्लॅमर शून्य आहे पण पुढे ट्रेड लॉ की सप्लाय चेन की डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स हे तुझं तुलाच कळेल. संयुक्त राष्ट्रांत नोकरीसाठी यंग प्रोफेशनल्स नावाची परीक्षा असते, तिला वयाची अट ३२ आहे त्यामुळे घाई नाही. या सुट्टीत एक काम कर, कुठलीही एक वस्तू निवड, सायकल, बॅटरी, काहीही, तिचा एचएस कोड शोध आणि संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या व्यापाराच्या डेटाबेसमधून गेल्या वीस वर्षांत कोण विकत होतं आणि कोण विकायचं थांबलं ते काढ, थोडा डेटा फुकट बघता येतो. जो देश थांबला तिथल्या कामगारांचं पुढे काय झालं ते शोधायला गेलीस की प्रोजेक्ट आपोआप तयार होईल, आणि काकांना पण दाखवता येईल.

फ्रेंच, हो, शिक, जिनिव्हातल्या संस्थांकडे डोळा असेल तर उपयोग होतो, इंग्लिशबरोबर तिथे तीच चालते. पण मॅथ्स आणि फ्रेंच यात वेळेची ओढाताण झाली तर आधी मॅथ्स.