मानधनाचा आकडा आणि खरी कमाई

प्रश्न : मुष्टियोद्धे मेवेदर आणि पॅकियाओ यांची लढत इतकी वर्षं का रखडली? दोघांनाही पैसा हवाच होता ना?

उत्तर : हवा होता, म्हणूनच रखडली! 2009-10च्या बोलण्यांत अडलं ते उत्तेजक चाचणीवर. मेवेदरला लढतीच्या अगदी जवळपर्यंत रक्तचाचण्या हव्या होत्या, पॅकियाओ तयार नव्हता. पुढे 2012मध्ये मेवेदरने ठोक 4 कोटी डॉलर देऊ केले, पण पे-पर-व्ह्यूत, म्हणजे घरी लढत पाहण्यासाठी प्रेक्षक वेगळे मोजतात त्या पैशात, वाटा नाही. पॅकियाओने नकार दिला, आणि माझ्या मते योग्यच केलं. मोठ्या लढतीत खरी मलई तिथेच असते. जाहीर होणारं मानधन म्हणजे बहुतेकदा किमान हमी. प्रक्षेपणाचा वाटा त्यात धरलेला नसतो.

दुसरी गाठ वाहिन्यांची. मेवेदर शोटाइमशी बांधलेला, पॅकियाओ एचबीओशी. शेवटी 2 मे 2015ला लढत झाली, तेव्हा दोन्ही वाहिन्यांनी मिळून एकच प्रक्षेपण केलं. समालोचनाला एचबीओचे जिम लॅम्पली, शेजारी शोटाइमचे अल बर्नस्टीन. एरवी एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या या वाहिन्या! कमाईची वाटणी 60-40, मेवेदरच्या बाजूने. अमेरिकेत घरबसल्या पाहायला एचडीत सुमारे 100 डॉलर मोजावे लागत, तरी 40 लाखांहून जास्त खरेदी झाली.

किताबाच्या सक्तीच्या लढतीत, म्हणजे किताबधारकाला ठरलेल्या आव्हानवीराशी लढावंच लागतं तिथे, मात्र घोळ इतका लांबत नाही. मुदतीत जमलं नाही, तर किताब देणारी संघटना प्रवर्तकांकडून, म्हणजे लढती भरवणाऱ्यांकडून, बोली मागवते. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला लढत मिळते आणि ती रक्कम दोन्ही मुष्टियोद्ध्यांत ठरलेल्या प्रमाणात वाटली जाते.