शेवटच्या उड्डाणासाठी उसना आणलेला कॉम्प्युटर

तुम्ही विचारलंय: "जुनं बिझनेस जेट संग्रहालयात ठेवायच्या आधी त्याचं शेवटचं उड्डाण करतात म्हणे. ते कसं असतं? आणि एवढा खटाटोप कशाला, सरळ ट्रेलरवर घालून का नेत नाहीत?"

मी कलिन्याच्या हँगरमध्ये 29 वर्षं काढली, एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून. यातली बरीचशी वर्षं एकाच विमानापाशी गेली. एका उद्योगसमूहाचं एचएस-125, सिरीज 700, 1979 ची बांधणी. आम्ही त्याला नुसतं 'वन-ट्वेंटी-फाइव्ह' म्हणायचो. 2009 मध्ये ते कर्नाटकातल्या एका कॉलेजच्या छोट्या संग्रहालयाला दिलं गेलं, आणि ते पोचवायला दोन पायलटांबरोबर मी होतो. तेव्हा ऐकीव नाही, पाहिलेलं सांगतो.

आधी ट्रेलरचं सांगून टाकतो. 2023 च्या डिसेंबरअखेरीस मुंबईहून आसामकडे निघालेला एका भंगार विमानाचा सांगाडा बिहारमध्ये मोतीहारीजवळ पिपराकोठीच्या पुलाखाली अडकला होता. व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. तो नुसता सांगाडा होता, पंख आधीच उतरवलेले. वन-ट्वेंटी-फाइव्हचा पंख 14.33 मीटर. तो धडाच्या खालून आरपार जातो आणि धड त्याच्यावर बसवलेलं असतं. म्हणजे पंख काढायचा तर अख्खं धड उचला, इंधनाच्या नळ्या सोडवा, कंट्रोलच्या तारा सोडवा, आणि तिकडे गेल्यावर हे सगळं उलट्या क्रमाने पुन्हा करा. तीस वर्षं एका जागी बसलेला बोल्ट एकदा सुटला की पुन्हा तसाच बसेल याची हमी नसते. अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीचं एक जेटस्टार विमान न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जवळजवळ चाळीस वर्षं पडून होतं. 2023 च्या जानेवारीत ते लिलावात 2,60,000 डॉलरला गेलं आणि रस्त्याने निघालं. त्याचं पुढे काय झालं? चाकांवरचं घर. मोटरहोम! हौसेला मोल नाही, पण त्याला संग्रहालय म्हणत नाहीत.

म्हणून विमान उडतं असेल तर उडवतच नेतात. पण ते उडतं असलं पाहिजे, आणि खरी गोची तिथेच आहे. लोकांना वाटतं, म्हातारं झालं, आता एकदा जाऊन बसायचंय, थोडं इकडेतिकडे चालेल. अजिबात चालत नाही. शेवटच्या उड्डाणाला विमान पहिल्या उड्डाणाइतकंच ठणठणीत लागतं आणि त्याचा खर्च करणारा मालक लागतो. बहुतेक जुनी जेट इथेच मार खातात.

आमच्या विमानाचं काय झालं ते बघा. त्याला टीएफई-731 इंजिनं होती, उत्तम इंजिन, पण त्यांच्या दोन मोठ्या तपासण्या असतात, एमपीआय आणि सीझेडआय. इंजिन उतरवून शॉपला पाठवावं लागतं. त्या खर्चाचा आकडा आला तेव्हा ऑफिसातल्या अकाउंटंटने मला फोन करून विचारलं होतं, "साहेब, एक शून्य जास्त पडलंय का?" पडलं नव्हतं. विमान विकून आलं असतं त्याहून जास्त पैसे ते फक्त उडत ठेवायला लागणार होते.

दुसरं कारण उंचीचं. 2003 मध्ये आपल्याकडे आरव्हीएसएम आलं. 29,000 ते 41,000 फुटांच्या पट्ट्यात वरखाली विमानांमधलं अंतर 2,000 फुटांवरून 1,000 वर आणलं. त्यासाठी अचूक अल्टिमीटर आणि तशी मंजुरी लागते. मालकांनी तो खर्च केला नाही. झालं, 41,000 फुटांवर जाणारं विमान त्या दिवसापासून 28,000 वर अडकलं. खाली हवा दाट, इंधन जास्त. पावसाळ्यात तर वाट लागायची. पूर्वी आम्ही पुष्कळसे ढग पायाखाली घालून जायचो, नंतर त्यांच्या पोटातून धक्के खात. मालकीणबाईंनी एका जुलैत नागपूरहून येताना जी हाय खाल्ली, त्यानंतर त्या विमानात बसल्या नाहीत.

परदेशात याहून जुन्या जेटना आवाजाने खाल्लं. अमेरिकेत 34 टनांखालच्या, जुन्या 'स्टेज टू' आवाजाच्या जेटना 31 डिसेंबर 2015 नंतर बंदी आली. जेटस्टार 1957 साली पहिल्यांदा उडालं, अगदी सुरुवातीच्या बिझनेस जेटपैकी, शेपटीपाशी चार इंजिनं. त्यातलं उडतं उरलेलं शेवटचं विमान 2019 च्या अखेरीस अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मॅरिएटाच्या संग्रहालयात गेलं. मॅरिएटालाच ही विमानं तयार व्हायची. म्हणजे लेक माहेरी परत आली म्हणायची. आमच्या विमानाचं माहेर इंग्लंडात, आणि इंग्लंडात त्याला कोण विचारतो! हजारावर निघाली ती.

आता उड्डाण.

आमच्या शेवटच्या तपासणीची मुदत बारा दिवसांपूर्वी संपली होती आणि ती पुन्हा करायची नाही असं वरून ठरलेलं. अशा वेळी स्पेशल फ्लाइट परमिट घ्यावं लागतं. ठरलेला मार्ग, ठरलेली मुदत, विमानात फक्त आवश्यक माणसं, आणि या एका उड्डाणापुरतं विमान सुरक्षित आहे अशी इंजिनिअरची सही. ती सही माझी. त्यामुळे 'शेवटच्या प्रवासाच्या हळव्या आठवणी' वगैरे जे लोक विचारतात ना, त्या आठवड्यात माझ्या डोक्यात हळवं काही नव्हतं. मी रात्री उठून गॅस बंद आहे का बघावं तसा टॉर्च घेऊन लँडिंग गिअरच्या खोबणीत बघत होतो.

आदल्या दिवशी ग्राउंड रन केला, म्हणजे जमिनीवरच इंजिनं चालवून पाहिली, आणि उजव्या इंजिनाच्या फ्युएल कॉम्प्युटरचा, म्हणजे इंजिनाला इंधन किती द्यायचं ते ठरवणाऱ्या डब्याचा, बिघाडाचा दिवा लागला. तीनदा बंद करून चालू केला. तीनदा लागला. नवीन मागवायला वेळ नाही, पैसे तर नाहीतच. शेजारच्या हँगरमध्ये दुसऱ्या एका कंपनीचं असंच 700 होतं, तपासणीसाठी जॅकवर चढवलेलं. त्यांच्या इंजिनिअरशी माझी डब्यातल्या मच्छीकढीची जुनी देवाणघेवाण. तो म्हणाला, "आठवडाभर आमचं हलत नाही. ने, पण मला हाच परत पाहिजे, याचा भाऊ नको." मग भाग चालू आहे असं सांगणारा सर्व्हिसेबल टॅग, दोन्हीकडच्या लॉगबुकात नोंदी, क्वालिटीवाल्याच्या दोन शिव्या. संध्याकाळी सातला दिवा विझला तो विझलाच. म्हणजे तीस वर्षांचं विमान शेवटचं उडालं ते शेजाऱ्याकडून आणलेल्या विरजणावर.

सकाळी आमचा हेल्पर झेंडूचा हार घेऊन आला. खंडेनवमीला तो दरवर्षी नोजव्हीलला हार घालायचा, पण तेव्हा विमान हँगरमध्ये उभं असायचं. आता बाहेर एप्रनवर, विमानं उभी करतात त्या फरशीवर, इंजिनं सुरू व्हायच्या आधी अर्धा तास! पाकळी उडून इंजिनात गेली तर? मी हार काढायला लावला. त्याने तोंड पाडलं. मग लांब कुंपणाशी जाऊन नारळ फोडला आणि आम्ही दोघांनी वाकून करवंटीचा कण न् कण वेचला. मालकांच्या घरून कुणी आलं नाही. ड्रायव्हरबरोबर पेढ्यांचा एक डबा आला, त्यावर कंपनीच्या दिवाळीचं रिबन होतं.

वेळही काही शुभमुहूर्ताची नव्हती. मुंबईच्या विमानतळावर गर्दीच्या तासांत खासगी विमानांना थाराच नाही, जो स्लॉट मिळेल तो घ्यायचा. आम्हाला दुपारी एक चाळीसचा मिळाला. मे महिना, काँक्रीट तापलेलं, आणि पुढे सात विमानांची रांग. टॅक्सीवेवर पस्तीस मिनिटं इंधन जाळत उभे. आमच्यासाठी ना पाण्याची सलामी, ना फोटोग्राफर. एअर इंडियाचं शेवटचं 747 एप्रिल 2024 मध्ये मुंबईहून अमेरिकेला निघालं, त्याने पंख हलवून निरोप घेतला आणि अख्ख्या शहराने तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला. तेही काही संग्रहालयात चाललं नव्हतं हो, सुटे भाग काढण्यासाठीच चाललं होतं. पण 747 ते 747.

27 नंबरच्या धावपट्टीवरून पश्चिमेला निघालो. विलेपार्ल्याची घरं, मग उजवीकडे जुहूची छोटी धावपट्टी, मग समुद्र. जुहूशी या विमानाचं लांबचं नातं आहे. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ या छोट्या विमानातून. 1953 च्या जुलैत बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं एक कॉमेट जेट सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून चुकून जुहूलाच उतरलं. पस मॉथ, कॉमेट आणि आमचं 125, तिन्हींचं मूळ घराणं डी हॅविलँड ही ब्रिटिश विमान कंपनी. 125 पहिल्यांदा उडालं ऑगस्ट 1962 मध्ये, तेव्हा ते डी हॅविलँडचंच होतं. नंतर हॉकर सिडली, मग ब्रिटिश एअरोस्पेस, मग अमेरिकेतल्या कंपन्या. सासरं बदलत गेली, 125 हा आकडा तेवढा बरीच वर्षं टिकला.

हे मी आता लिहितोय. त्या दिवशी मी पायलटांमागच्या जंप सीटवरून फक्त उजव्या इंजिनाचे आकडे बघत होतो. कॅप्टननी समुद्रावर वळताना विचारलं, "हलवू का पंख? कोण बघतंय?" या विमानाला कंट्रोल हलवायला हायड्रॉलिक लागत नाही, सरळ तारांनी ओढलेले आहेत, मनगटाचा जोर कळतो. मी म्हटलं, "हेल्पर बघत असेल." त्यांनी अगदी थोडे हलवले. हेल्परने पाहिलं नाही, तो तोवर कॅन्टीनला गेला होता. पेढे मात्र संपवले होते.

दीड तासाचा प्रवास. 28,000 फुटांवर, नेहमीसारखा. उतरताना मात्र मी पहिल्यांदा आकड्यांवरून नजर काढली, कारण लिफ्ट डम्प मला फार आवडायचा. चाकं टेकली की एअरब्रेक पूर्ण वर आणि फ्लॅप पूर्ण खाली येतात, पंखांची उचल एकदम निघून जाते, आणि विमान दिवसभर उभं राहिलेल्या माणसाने बाकड्यावर अंग टाकावं तसं बसतं. त्या दिवशीही बसलं.

पुढचे तीन दिवस खरं शेवटचं काम झालं, ज्याबद्दल कुणी विचारत नाही. इंधन उपसलं. बॅटऱ्या काढल्या. ऑक्सिजनची बाटली काढली. आग विझवायच्या बाटल्यांना स्फोटक काडतुसं असतात, ती आधी काढावी लागतात. विद्यार्थी कॉकपिटमध्ये बसून बटणं दाबणारच, त्यांना मनाई करून उपयोग नाही. इंजिनं मालकांनी सुट्या भागांसाठी आधीच विकली होती, ती उतरवली. शेपटीकडचं वजन गेलं तसा नोजव्हीलचा पाय दबला आणि विमान किंचित नाक खाली घालून उभं राहिलं. रिकाम्या खोबणींना मी जाळी ठोकायला सांगितली, नाहीतर साळुंक्या आठवड्यात संसार मांडतात. आत प्रत्येक सीटच्या हातात ॲशट्रे होता, 1979 चाच. एकात एक सुपारीचं खांड सापडलं. कुणाचं, ते मला नक्की माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, मुंबईतच का नाही ठेवलं? विचारलं होतं आम्ही दोन ठिकाणी. पण या शहराला जागा नाही आणि खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम उघड्यावर ठेवायचं तर वर्षावर्षाला निगा लागते. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात मरुत लढाऊ विमान आहे, मुलांना जरूर दाखवा. नाहीतर विक्रांतचं काय झालं ते आठवा. 1997 ला निवृत्त, 2001 पासून संग्रहालय, 2012 ला बंद, आणि शेवटी दारूखान्याच्या जहाजतोडणीच्या आवारात तोडली. एवढी मोठी युद्धनौका आपल्याला सांभाळता आली नाही, तिथे एका शेटजींच्या विमानाची काय कथा.

लॉगबुकात शेवटची नोंद केली तेव्हा एक चूक झाली. एकूण तास लिहिले, सही केली, आणि हाताच्या सवयीने शेवटच्या रकान्यात 'पुढील तपासणी' खाली तासांचा आकडाही लिहून टाकला. लॉगबुकात खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर पापच. एक सरळ रेघ मारायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. तसं केलं. ते पुस्तक काचेच्या पेटीत त्याच पानावर उघडं ठेवलंय असं नंतर कळलं. काय म्हणावं!

चौथ्या दिवशी बंगळुरूहून उद्यान एक्स्प्रेसने निघालो. उसना कॉम्प्युटर फोममध्ये गुंडाळून मांडीवर. समोरचे काका सोलापूरपर्यंत विचारत होते की एवढं जपून काय नेताय, मिक्सर का? मी हो म्हटलं. मुंबईत पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कलिन्याला परत दिला, टॅगवरचा नंबर दोघांनी मोठ्याने वाचून. दुपारपर्यंत तो त्यांच्या विमानात बसला, आणि ते विमान त्यानंतर चार वर्षं उडत होतं.