‘हो का नाही, एवढंच देवानं सांगावं’

“सर, मंडळीत सगळ्यांशी प्रभू बोलतोय. कुणाशी स्वप्नात, कुणाशी वचनातून. मी तीन महिने एकच विचारतोय, हो का नाही तेवढं सांग म्हणून. मलाच काय ऐकू येईना?”

समुपदेशनाला येणाऱ्या ख्रिस्ती माणसांकडून ही तक्रार वरचेवर ऐकू येते. (‘मंडळी’ म्हणजे त्यांचं चर्च.) इथं ती करणारे गृहस्थ सत्तेचाळिशीचे, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप चालवणारे. दोन लेथ, एक ड्रिल, चार कामगार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि एकासारख्या एक प्रकरणांची सरमिसळ केली आहे.) शिरोलीच्या एका फौंड्रीकडून कास्टिंग (ओतीव सुटे भाग) यायची, ती मशिनिंग करून परत द्यायची, असा वर्षानुवर्षांचा धंदा. आता फौंड्रीनं सांगितलं की सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) घ्या, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. म्हणजे घर तारण ठेवून बारा लाखांचं कर्ज, नाहीतर शॉप बंद करून मेव्हण्याच्या ओळखीनं पुण्याजवळ चाकणला सुपरवायझरची नोकरी. घरी म्हातारी आई, शिक्षिका पत्नी, दहावीतली मुलगी.

तीन महिन्यांत त्यांनी काय काय केलं ते ऐकण्यासारखं होतं. पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना; ती पाचव्या दिवशी मोडली आणि वर अपराधीपणा बसला. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपलं मानायचं. एकदा वंशावळीवर पडलं, एकदा शापावर. फ्रिजवर नववर्षाचं प्रॉमिस कार्ड, म्हणजे बायबलमधलं एक वचन छापलेलं. शेवटी देवालाच अट: ‘सोमवारपर्यंत फौंड्रीचा फोन आला तर हो.’ फोन मंगळवारी आला.

अशा वेळी पहिल्या भेटीत बायबल उघडायची घाई करू नये. आधी झोप, भूक आणि कामातलं लक्ष यांची चौकशी करायची. दोन आठवडे किंवा जास्त काळ रोज मन खचलेलं, कशातच रस नाही, पहाटे लवकर जाग येते आणि नको ते विचार घेरतात, असं असेल तर ‘देव दूर गेला’ असं वाटणं हे नैराश्याचंही लक्षण असू शकतं, आणि त्याला डॉक्टर लागतात. दुसरी एक खूण सहज निसटते. प्रार्थना ‘नीट झाली नाही’ म्हणून पुन्हापुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागणं, एक शब्द चुकला तर काहीतरी वाईट घडेल अशी धास्ती. बाहेरून ती भक्ती दिसते, पण तो मंत्रचळ (ओसीडी) असू शकतो आणि उपास-प्रार्थना वाढवल्या की बळावतो. मनोविकारतज्ज्ञ लगेच मिळत नसतील तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. या गृहस्थांची झोप थोडी उडाली होती, एवढंच. बाकी खाणंपिणं, हसणं, कामगारांशी भांडणं सगळं ठीक चाललेलं.

मग फ्रिजवरचं कार्ड. त्यावर यिर्मया २९:११ (यिर्मयाच्या पुस्तकातला अध्याय २९, वचन ११) होतं, देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत असं सांगणारं. हे वचन छापलेलं नाही असं ख्रिस्ती घर कोल्हापुरात शोधावं लागेल. त्यांना त्याच्या आधीची सहा-सात वचनं मोठ्यानं वाचायला सांगितली. बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं ते पत्र आहे. पाचव्या वचनात घरं बांधा, बागा लावा. सातव्यात ज्या शहरात नेलं त्याचं हित पाहा. दहाव्यात सत्तर वर्षं थांबा. कार्डावर अकरावं तेवढं येतं. ते दहाव्यापाशी थांबले आणि म्हणाले, “हे कुणी सांगितलंच नव्हतं ओ.”

देवाकडे खूण मागायची म्हटलं की गिदोनाच्या लोकरीचा दाखला देतात: त्यानं रात्री लोकर बाहेर ठेवली आणि दवानं ती भिजते का, यावरून खूण मागितली. त्याचंही तसंच. बायबलमधल्या शास्ते ६ मध्ये लोकरीचा प्रसंग अध्यायाच्या अगदी शेवटी येतो. देवानं त्याला काय करायचं ते चौदाव्या वचनातच स्पष्ट सांगितलेलं आहे. लोकर त्यानं भीतीपोटी टाकली, तीही दोनदा, आणि देवानं ती सोसून घेतली. त्यातून मार्गदर्शन मागायची रीत काढता येत नाही. प्रेषितांची कृत्ये १:२६ मध्ये चिठ्ठ्या टाकून बाराव्या प्रेषिताच्या जागी मत्थियाची निवड होते, आणि पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरतो. त्यानंतर नव्या करारात मंडळीनं चिठ्ठ्या टाकून काही ठरवल्याचं एकही उदाहरण नाही. फोनची अट ही चिठ्ठीच, फक्त तारीख घातलेली.

त्यांच्या दुखण्याला आणखी एक बाजू होती. कोल्हापुरात मिशनचं काम १८५२ साली रॉयल वाइल्डर आल्यापासून सांगितलं जातं. त्या जुन्या मंडळीतलं त्यांचं घराणं. पणजोबांना देवानं कसं बोलावलं ही साक्ष घरात लहानपणापासून ऐकलेली, आणि तिच्यापुढे आपला विश्वास फिका वाटायचा. पण साक्ष पाच मिनिटांत सांगायची असते, त्यामुळे मधली वर्षं गळतात. उत्पत्ती १६ संपतो तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा आहे. पुढचं वचन, १७:१, सुरू होतं तेव्हा ९९ वर्षांचा. मधल्या तेरा वर्षांत देव त्याच्याशी काही बोलल्याची नोंद नाही. गुरं राखणं, मुलगा वाढवणं, तंबू हलवणं एवढंच चाललं असणार. त्या तेरा वर्षांवर प्रवचन झालेलं आमच्या तरी ऐकण्यात नाही.

त्यांच्या मनात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते: ‘देव माझ्याबरोबर आहे का?’ आणि ‘मी सीएनसी घेऊ का?’ दुसऱ्याचं उत्तर मिळालं तरच पहिल्याचं ‘हो’ मानायचं, असं त्यांनी नकळत ठरवून टाकलं होतं. ते सोडवायला आम्ही कर्जाचा विषय महिनाभर बाजूला ठेवायला सांगितला. फौंड्रीनं मुदत दिलेली असल्यामुळे ते शक्य होतं.

या महिन्यात करायचं काम छोटं होतं. संध्याकाळी कामगार गेले की शटर अर्धं खाली ओढून दहा मिनिटं बसायचं. घरी नाही, कारण घरी आई बोलवते आणि टीव्ही चालू असतो. पलंगावर तर नाहीच, झोप लागते. फोन ड्रॉवरमध्ये. आधी आजच्या दिवसातल्या दोन नेमक्या गोष्टींसाठी आभार. ‘आरोग्य दिलंस, कुटुंब दिलंस’ हे चालणार नाही, आजचंच हवं. मग ‘दिवस तुझ्या नजरेनं दाखव’ एवढी विनंती, आणि सकाळपासून तासातासानं मागं चालत यायचं. मन कुठं मोकळं झालं, कुठं आखडलं, त्या दोनच जागी थांबायचं. चुकलं असेल तिथं क्षमा, उद्या भेटणाऱ्या एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. वहीत एकच ओळ, जास्त नाही.

ही रीत इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांच्या शिकवणुकीतली. ते कॅथलिक, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या प्रोटेस्टंट घरांत भुवया उंचावतात. ज्यांच्या उंचावतात त्यांनी स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचनं वाचावीत. ‘मला पारख, माझ्यात वाईट मार्ग आहे का पाहा’ ही दाविदाची विनवणी याच कामाची आहे.

आणि हे सगळं दिवसाच्या शेवटीच का करायचं? लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, फिरत असताना कुणी माप घेत नाही, मशीन थांबवून व्हर्निअर लावतात, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. याकोबाला बेथेलमध्ये देव असल्याचं कळलं ते जाग आल्यावर. अम्माऊसच्या वाटेवर येशूबरोबर चाललेल्या दोघांना अंतःकरण पेटलं होतं हे येशू दिसेनासा झाल्यावर आठवलं. देवाची सोबत पुष्कळदा मागं वळून पाहतानाच ओळखू येते. त्या क्षणी काही जाणवलं नाही, यावरून तो नव्हता असं ठरत नाही.

पहिल्या आठवड्यात वहीत काय होतं? ‘काही नाही.’ ‘काही नाही.’ ‘लाईट गेली.’ असंच होतं, आणि इथंच बहुतेक जण वही बंद करतात. दुसरी गफलत म्हणजे वहीचं प्रगतिपुस्तक होणं. चुकलेल्या दिवसांचा हिशेब मांडायचा नाही, राहिलेला दिवस भरून काढायचा नाही, दुसऱ्या दिवशी नुसतं बसायचं. तिसरी, भावना मोजणं. उपासनेत गाणी टिपेला पोचल्यावर जो काटा येतो तोच लेथपाशी यावा अशी अपेक्षा धरली तर दहा मिनिटं फुकट जातात.

दुसऱ्या आठवड्यात एक ओळ आली: कामावरच्या पोरानं बोअर (भोक) मोठा करून कास्टिंग वाया घालवलं, मी ओरडलो, मध्येच थांबलो, ‘जेवलास का’ विचारलं. त्यांनी ती ‘राग आला’ या खात्यात टाकली होती. मध्येच का थांबलात, एवढंच आम्ही विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. उत्तर आम्ही पुरवलं नाही, पुरवायचं नसतं.

वहीत आणखी एक गोष्ट पुन्हापुन्हा येत होती आणि ती त्यांना आवडत नव्हती. बिनबिलाचं काम, आणि दोन कामगारांचं थकलेलं ओव्हरटाइम. मन आखडलं त्या जागी चारदा तेच. तीन महिने देव गप्प आहे असं ते म्हणत होते; जे विचारलंच नव्हतं त्याबद्दल मात्र आतून स्पष्ट टोचणी चालू होती. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, ५:४ ला, कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं प्रभूच्या कानी जातं असं लिहिलेलं आहे. हे मार्गदर्शन मिळवायला लोकर लागत नाही. आधी ते करा, असं आम्ही सरळ सांगितलं. एरवी आम्ही सल्ला देत नाही, पण इथं आडपडदा ठेवण्यात अर्थ नव्हता. ओव्हरटाइम त्यांनी दोन पगारांत फेडलं. बिलांना वेळ लागला.

दिवसाच्या मध्ये काय करायचं, यासाठी नहेम्या २:४ पुरे. राजा प्रश्न विचारतो, नहेम्या देवाची प्रार्थना करतो आणि लगेच उत्तर देतो; राजाला पत्ताही लागला नसेल. मशीन चालू करताना, फौंड्रीचा फोन उचलण्याआधी, चहा घेताना, अशा तीन ठरलेल्या जागी एक वाक्य. पहाटे चारचा तास त्यांनी सोडला, अपराधीपणासकट.

महिन्यानंतर कर्जाचा विषय घेतला. पहिला नियम: मन खचलेल्या दिवशी आधीचा निर्णय बदलायचा नाही. हाही इग्नेशियस यांचाच, आणि फार उपयोगी. मग हिशेब, बुरूज बांधणाऱ्यानं आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा हे लूक १४:२८ मध्ये येशूनंच सांगितलंय. बारा लाख, पाच वर्षं, अकरा टक्के म्हणजे महिना सव्वीस हजारांच्या वर हप्ता, शिवाय ऑपरेटरचा पगार आणि वीजबिल. मग तीन माणसं: जिला परिणाम भोगावा लागेल ती पत्नी, मंडळीतले एक वडीलधारे (एल्डर), आणि धंदा कळणारा एक. हा तिसरा ख्रिस्ती असलाच पाहिजे असं नाही. उद्यमनगरातले एक जुने कारखानदार, जोतिबाचे भक्त, त्यांनी दोन मिनिटांत विचारलं, “तोंडी बोलीवर घर गहाण टाकताय व्हय?” पत्नीनं सांगितलं की मुलीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होईपर्यंत चाकणचं नाव काढायचं नाही. तिला हे तीन महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी तीन दिवस ‘कर्ज घेतलं’ असं धरून वावरायचं, तीन दिवस ‘नाही’ असं धरून, आणि रोज संध्याकाळी मन कसं होतं ते लिहायचं. पहिल्या दिवसाचा उत्साह मोजायचा नाही, तिसऱ्या दिवशी काय उरतं ते पाहायचं. ‘घेतलं’मध्ये तिसऱ्या दिवशी फक्त मेव्हण्यापुढं कमी दिसू नये ही इच्छा उरली होती. ती त्यांनी स्वतःच लिहिली.

त्यांनी फौंड्रीकडे वर्षाचं लेखी शेड्यूल मागितलं. सहा महिन्यांचं मिळालं. कर्ज घेतलं नाही. शेजारच्या शॉपमधलं सीएनसी रात्रपाळीत रिकामं असायचं, ते तासाच्या भाड्यानं घेतलं. ‘हो का नाही’ या प्रश्नात ही वाट बसतच नव्हती.

दुसऱ्या महिन्यात फौंड्रीनं ऑर्डर कमी केली आणि ते परत आले: “चुकलं का सर? देवाची इच्छा नव्हती का?” प्रेषितांची कृत्ये १६ वाचायला दिलं. आसिया प्रांतात पौलाला मनाई झाली, बिथुनियाची वाट बंद झाली, मग त्रोवसात दृष्टान्त, आणि दहाव्या वचनात सगळ्यांनी मिळून काढलेलं अनुमान. इतकं स्पष्ट मार्गदर्शन मिळून फिलिप्पैला गेल्यावर काय झालं? तेविसाव्या वचनात फटके आणि तुरुंग. अडचण आली म्हणजे वाट चुकली, हे गणित तिथं लागू पडत नाही. उलट अडचण आली तरी रेटत राहायचं, असंही नाही. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर पती-पत्नीनं मिळून अटी लिहिल्या: ऑर्डर सलग दोन महिने निम्म्याखाली गेली तर रात्रपाळी बंद, परीक्षा झाल्यावर चाकणला फोन, आणि तोवर हा विषय रविवारी जेवणानंतर अर्धा तास, इतर दिवशी नाही.