शून्यात नजर लावून बघायचं चित्र

प्रश्न असा आला आहे: वरवर नुसती ठिपक्यांची गिचमिड, पण बघत राहिलं की आतून एखादा मासा किंवा हृदय वर येतं, अशा छापील चित्राला ‘त्रिमितीय चित्र’ म्हणावं का?

माझ्या मते म्हणू नये. तो शब्द फार ऐसपैस आहे. खड्ड्याचा भास देणारी रांगोळी आणि लाल-निळ्या चष्म्यातून बघायचं चित्रही त्यात येतं.

मूळ शब्द ‘ऑटोस्टिरिओग्राम’. ग्रीकमध्ये ‘स्टिरिओस’ म्हणजे घन, भरीव. ‘ऑटो’ म्हणजे आपलं आपण, आणि इथे तोच महत्त्वाचा. दृष्टीचे अभ्यासक बेला युलेझ यांनी १९५९ मध्ये केलेली ठिपक्यांची चित्रं जोडीची होती, प्रत्येक डोळ्याला वेगळं. १९७९ मध्ये क्रिस्टोफर टायलर यांनी ते काम एकाच चित्रात बसवलं. यंत्र नको, चष्मा नको.

मग ‘घनचित्र’? ते वाचल्यावर मला आधी ढग दिसतात. ‘उठावचित्र’ म्हणावं, तर ‘उठाव’ हा शब्द दगडात कोरलेल्या, हाताला लागणाऱ्या शिल्पासाठी रुळलेला आहे. माझी पसंती ‘खोलचित्र’ला. छोटा शब्द आहे, तोंडात बसतो. भास असल्याचं तो सांगत नाही, पण ‘व्यंगचित्र’ तरी कुठे सगळं सांगतं?

हे चित्र बघायचं कसं, यासाठी मात्र आपल्याकडे नेमका शब्दप्रयोग तयार आहे: शून्यात नजर लावणं. विचारात हरवलेला माणूस समोरच्या वस्तूच्या पलीकडे बघत असतो, इथेही तेच करायचं. खिडकीच्या जाळीशी उभं राहून दूरवर बघा. उजव्या डोळ्याला दिसणारा जाळीचा एक चौकोन आणि डाव्याला दिसणारा त्याच्या शेजारचा चौकोन मेंदू एकच समजतो, आणि जाळी एकदम मागे सरकल्यासारखी वाटते. खोलचित्रात हीच पुनरावृत्ती मोजूनमापून केलेली असते. नक्षी जिथे जवळजवळ येते तो भाग पुढे येतो, जिथे लांब जाते तो मागे. डोळे तिरळे करून बघितलं तर उलटं होतं, डोंगराची दरी होते. म्हणून मुलांना ‘टक लावून बघ’ सांगू नका, ‘डोळे सैल सोड’ सांगा.

आणि चित्र दिसायला लागलं की ‘नजर लागली’ म्हणू नका, त्याचा अर्थ भलताच होतो. ‘नजर बसली’ म्हणा, सरावाने हात बसतो तशी.