सही करण्याआधी एवढं वाच

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. एक व्यापारी तुझ्या नावावर सरकारी टेंडर भरू म्हणतोय, आणि आदिवासी उद्योजकांसाठी आरक्षण आहे म्हणजे ऑर्डर मिळेलच का, असं तू विचारलंस. फोनवर बोललो असतो, पण यात आकडे आहेत आणि आकडे कागदावर असलेले बरे.

आधी त्या व्यापाऱ्याचं बोलू. ‘नाव तुझं, जातीचा दाखला तुझा, बाकी सगळं मी बघतो, बिलावर दोन टक्के तुझे.’ असं बोलणारी माणसं आपल्याकडे नवीन नाहीत. जिथे आदिवासींसाठी काही राखून ठेवलं जातं तिथे ती गोड बोलत हजर होतात. जमिनीच्या बाबतीत नंदुरबार-शहाद्याने हे भरपूर भोगलंय. आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराज यांना १९७०च्या दशकात आंदोलन उभं करावं लागलं ते उगाच नाही. आता सातबाऱ्याच्या जागी उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद आला, एवढाच फरक.

त्याच्या बोलण्यात काय येत नाही ते बघ. जीएसटी क्रमांक तुझा, बँक खातं तुझं, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरचं हमीपत्र तुझं. ओटीपी मात्र त्याच्या मोबाईलवर. माल नापास झाला तर पत्र तुझ्या पत्त्यावर येणार. त्याने खोटी खरेदी बिलं लावली तर जीएसटीची नोटीस तुला. आणि खोटी माहिती देऊन ठेका घेतल्याचं उघड झालं तर खरेदी करणारं खातं तुला दोन वर्षांपर्यंत बाद करू शकतं. तोवर तो दुसऱ्या कुणाच्या तरी ओसरीवर चहा पीत बसलेला असेल.

शिवाय त्याचा बेत नियमातच बसत नाही. केंद्राचं सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचं खरेदी धोरण २०१२ चं आहे. ते स्वतः माल बनवणाऱ्याला आणि स्वतः सेवा देणाऱ्याला लागू होतं, नुसत्या खरेदी-विक्रीला नाही. व्यापाऱ्यांनाही २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती, टेंडरमधल्या सवलतीसाठी नाही. आणि ‘अनुसूचित जमातीचा उद्योग’ म्हणजे मालकीच्या धंद्यात मालक त्या जमातीचा, भागीदारी किंवा कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा त्यांचा. तुझ्या शेडमध्ये सहा मशीन आहेत, बायका रोज शिवतात. तू खरी पात्र आहेस. सुरतेहून तयार माल आणून तुझं लेबल चिकटवणारा नाही. त्याला नम्रपणे नाही म्हण, कारण सांगत बसू नकोस.

आता तुझा मूळ प्रश्न. आरक्षण आहे म्हणजे ऑर्डर मिळेलच का? नाही. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षभराच्या एकूण खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते. हा आकडा आधी २० होता, १ एप्रिल २०१९ पासून २५ झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांकडून. पण हे खात्याचं वर्षाचं लक्ष्य आहे. प्रत्येक टेंडरमध्ये तुझा वाटा काढून ठेवलाय असं नाही. या धोरणात ३५८ वस्तू फक्त छोट्या उद्योगांकडून घ्यायच्या म्हणून राखीव आहेत. तुझा माल त्यात येतो का, ती यादी आधी चाळ.

तुझ्या हाताशी खरंच येतं ते असं. टेंडरचा अर्ज फुकट आणि बयाणा रक्कम, म्हणजे टेंडर भरताना ठेवायची अनामत, माफ. पण ऑर्डर मिळाल्यावरची सुरक्षा ठेव माफ नाही, ते विसरू नकोस. पूर्वीचा अनुभव आणि उलाढाल या अटी शिथिल होऊ शकतात, पण मालाच्या दर्जात सूट कुणालाच नाही. सुरक्षेशी थेट संबंध असलेल्या वस्तूंना खातं अनुभवाची अट ठेवूही शकतं.

आणि चौथी गोष्ट, भावाची. ती नीट समजून घे, कारण इथेच लोक तोंडावर पडतात. समज, भुसावळच्या एखाद्या केंद्रीय खात्याने ४,००० एप्रन मागवले. सर्वांत कमी भाव एका मोठ्या कंपनीचा, २०० रुपये. तू भरलास २२८. छोट्या उद्योगाचा भाव सर्वांत कमी भावाच्या वर १५ टक्क्यांच्या पट्ट्यात असावा लागतो. दोनशेवर १५ टक्के म्हणजे २३० पर्यंत तू पट्ट्यात आहेस. खातं तुला विचारेल, ‘दोनशेला देतेस का?’ हो म्हणालीस तर चौथ्या हिश्शापर्यंत, म्हणजे हजार नग, तुला मिळू शकतात. पट्ट्यात आणखी छोटे उद्योग असतील तर तेवढ्यातच वाटणी. आणि सर्वांत कमी भाव भरणारा स्वतःच छोटा उद्योग असेल तर ही संधीच नाही. थोडक्यात, सरकार तुला २२८ देणार नाही. दोनशेला करून दाखव म्हणणार.

तू पाठवलेलाच खर्च मांडतो. कापड ११८, दोरा-नाडी ९, शिलाई ३८, पॅकिंग आणि भुसावळपर्यंतचं भाडं ११, वीज-भाडं-खराबी १२. झाले १८८. तू लिहिलंस, ‘नगामागे बारा रुपये सुटतात.’ सुटत नाहीत. जेमवरचा भाव करासकट असतो. दोनशेतून ५ टक्के जीएसटी काढला की तुझ्या हातात १९०.४८ राहतात. नगामागे अडीच रुपये, हजार नगांमागे अडीच हजार. आणि त्यासाठी एक लाख अठरा हजारांचं कापड आधी उचलायचं! म्हणून भाव भरायच्या आधीच आपला तळाचा भाव ठरव, वहीत लिही, आणि टेंडरच्या गर्दीत त्याखाली एक रुपया जाऊ नकोस. वर्षाच्या सुरुवातीला ‘एकदा आत शिरू, मग बघू’ म्हणून तोट्यात भाव भरणारे मी जळगाव एमआयडीसीत पुष्कळ पाहिले. त्यांच्या शेडवर आता दुसऱ्यांच्या पाट्या आहेत.

कापडाचं आणखी एक. टेंडरच्या पानात ग्रॅमेज (चौरस मीटरमागचं वजन), आटण्याचं प्रमाण, टाके किती, रंग पक्का की नाही, हे सगळं असतं. सुरतेच्या पेढीवाल्याने तोंडी सांगितलेलं ग्रॅमेज धरू नकोस. ताग्यातून तुकडा कापून आधी लॅबमध्ये तपासून घे. खात्याच्या स्टोअरला नापास झालेला माल स्वतःच्या खर्चाने उचलून आणावा लागतो.

पैशांचं काय? जेमच्या नियमात माल स्वीकारल्याचा दाखला निघाला की दहा दिवसांत पैसे द्यायचे असतात. कायद्याने, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याने, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे मुदत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. कागदावर इतका कडक कायदा क्वचितच सापडेल. प्रत्यक्षात व्याज मागतं कोण? पुढची ऑर्डर जाईल या भीतीने सगळे गप्प. माझं मत वेगळं आहे. थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकण्याआधी व्याजाचा आकडा लिहिलेलं एक साधं, सभ्य पत्र लेखा विभागाला द्यायचं, आणि आवक क्रमांक घ्यायचा. बऱ्याचदा तेवढ्यावर फाईल हलते. नाहीच हलली तर अशा थकबाकीचे वाद ऐकणारी सुलभीकरण परिषद आहे. मात्र उद्यम नोंदणी ऑर्डरच्या आधीची असू दे, म्हणजे तिथे कुणी फाटे फोडणार नाही. नोंदणी फुकट होते. सायबर कॅफेवाला हजार मागत असेल तर तिथून उठ.

सरकारी कंपन्यांची बिलं ट्रेड्स नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेवर बँकांना विकून पैसे लवकर मिळतात. कंपनीने बिल मान्य केलेलं असलं पाहिजे, आणि बँक थोडं व्याज कापते. तुझ्या अडीच रुपयांत ते कसं बसवायचं, ते आताच बघ.

कुठे भरायचं? वरणगाव आणि भुसावळची आयुधनिर्माणी १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी कंपन्यांत गेली, वरणगाव म्युनिशन्स इंडियात, भुसावळ यंत्र इंडियात. धोरण तरीही लागू. रेल्वेची खरेदी तिच्या स्वतःच्या आयआरईपीएस पोर्टलवरही होते. दीपनगरचं वीज केंद्र मात्र महानिर्मितीचं, म्हणजे राज्याचं. जिल्हा परिषद, आश्रमशाळा, महावितरण यांच्यासारखेच तिथे राज्याचे नियम. केंद्राची सवलत तिथे आपोआप मिळेल असं धरू नकोस, प्रत्येक टेंडरची अट वाच. अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांना मदत करणारं राष्ट्रीय एससी-एसटी हब २०१६ पासून आहे, एनएसआयसी (राष्ट्रीय लघु उद्योग महामंडळ) चालवते. टेंडर कसं भरायचं ते शिकवतात आणि यंत्रांवर अनुदानाची योजनाही आहे. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी कर, पण सकाळी जा.

पहिलं टेंडर मोठं नको. शंभर-दोनशे नगांचं, नंदुरबारहून गाडीने एका दिवसात पोचवता येईल असं शोध. त्याची पीडीएफ आणि सुरतेचा कापडाचा लेखी भाव, दोन्ही मला पाठव. तळाचा भाव तू काढ, मी फक्त तपासेन.

तुझा,
काका