घनाच्या घडणी पाठ न करता कशा ओळखाव्यात?

सहा चौरसांची एखादी जोडाकृती समोर आली, तर तिच्यापासून घन होईल की नाही हे 11 घडणी (दुमडल्यावर घन होणाऱ्या सपाट आकृती) पाठ न करता कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सुरुवात घडी घालण्यापासून न करता घन कापण्यापासून करावी.

घनाच्या प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीन काटकोन, म्हणजे 270 अंशच, एकत्र येतात. म्हणून तिथली निदान एक कड कापल्याशिवाय तो कोपरा सपाट होत नाही. उलट, कापलेल्या कडांचा बंद फेरा झाला तर पृष्ठांचा एक भाग सुटून वेगळा पडतो. सहा पृष्ठे एकसंध आणि तरीही सपाट राहायची असतील, तर 12 पैकी 5 कडा जोडलेल्या राहतात व 7 कापाव्या लागतात. अशा कापण्याच्या 384 रीती आहेत, पण फिरवून किंवा उलटवून जुळणाऱ्या आकृती एकच मानल्या की 11 उरतात.

आता ओळखण्याकडे वळू. चार चौरस एका बिंदूभोवती जुळले असतील किंवा पाच चौरस एका रांगेत असतील, तर ती आकृती लगेच बाद करावी. इतर आकृतींत सरळ रांगेतला एक चौरस सोडून पुढचा चौरस समोरासमोरचे पृष्ठ होतो, हे धरून जोड्या लावाव्यात. चारांच्या रांगेला उरलेले दोन्ही चौरस एकाच बाजूला लागले असतील, तर ते एकाच जागी येतात आणि समोरची बाजू उघडी राहते.

विद्यार्थी हमखास नाकारतात ती घडण म्हणजे तीन-तीन चौरसांच्या दोन रांगा, ज्यांत वरच्या रांगेतल्या शेवटच्या चौरसाखाली खालच्या रांगेचा पहिला चौरस येतो. चारांची रांग नसल्यामुळे ती चुकीची वाटते. पण प्रत्येक रांगेची दोन्ही टोके समोरासमोर येतात, मधले दोन चौरस एकमेकांसमोर येतात आणि घन पूर्ण होतो. ही एक घडण कागदातून कापून स्वतः दुमडून पाहावीच, असा माझा आग्रह आहे.

हाच विचार इतर बहुपृष्ठकांनाही (सपाट पृष्ठांनी बंदिस्त झालेल्या आकारांनाही) लागू पडतो. सुसम चतुष्फलकाच्या घडणी फक्त 2 आहेत, अष्टफलकाच्या घनाइतक्याच 11, तर द्वादशफलकाच्या तब्बल 43,380. मात्र प्रत्येक बहिर्वक्र (कुठेही आत न दबलेला) बहुपृष्ठक केवळ कडांवर कापून, कोणतीही पृष्ठे एकमेकांवर न येता, सपाट उलगडता येतो का, हा 1975 मध्ये गणितज्ञ शेफर्ड यांनी मांडलेला प्रश्न अजून सुटलेला नाही.